हार चालणारी पेटी

त्यांनी मला एकदाही माझ्या नावानं हाक मारली नाही. मी निपाणीची, म्हणून मी 'निपाणी'. शेजारच्या टेबलावरचा पुण्याचा इंजिनिअर 'कोथरूड'. रिसेप्शनवरच्या बाई 'तुमकूर'. "ए निपाणी, ये की इकडं!" अशी हाक आली की अख्खं ऑफिस मान वर करून बघायचं आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पहिल्या आठवड्यात मी रागानं तोंडावर विचारलंच, "अण्णा, आईबापानं मला नाव ठेवलंय, ते काय वाईट आहे?" तर अगदी शांतपणे म्हणाले, "नाव विसरतं ग. गाव विसरत नाही."

सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. आमची कंपनी अगरबत्तीची. ऑफिस कोरमंगलात, कारखाना आनेकलला. ह्या दोन्हीकडचं नेटवर्क अण्णांच्या ताब्यात आणि मी त्यांच्या हाताखाली, खरेदीचं बघायला, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. नेटवर्क म्हटलं की लोकांना काहीतरी आकाशातलं वाटतं. अण्णांच्या लेखी ते म्हणजे पेट्या आणि वायरी. सगळ्या संगणकांच्या, प्रिंटरांच्या वायरी जिथं येऊन मिळतात ती लोखंडी पेटी. तिला जगभर स्विच म्हणतात, अण्णा पेटी म्हणायचे. "पेटी चालली तर कारखाना चालला. पेटी बसली की सगळे बसले," एवढं त्यांचं नेटवर्कचं शास्त्र, आणि खोटं सांगत नाही, त्यात भर घालावी असं मला अजून काही सापडलेलं नाही.

त्यांचं घर मल्लेश्वरमला. पूर्वज तीन-चारशे वर्षांमागं घोड्यावर बसून दक्षिणेत आले, आणि परत जायचं राहूनच गेलं, असं ते सांगायचे. जणू काही तिकीट मिळालं नाही म्हणून थांबलेत. त्यांची मराठी जुन्या ट्रंकेतल्या पातळासारखी होती, कापड उत्तम पण घडी निराळी. "येतो म्हणून म्हणला, आलाच नाही की." "स्वल्प थांब ग, एवढं काय घाई?" "सरी, पुढं?" 'सरी' म्हणजे 'बरं'. कोथरूडला ही मराठी कळायची नाही. मला कळायची, कारण आमच्या निपाणीत आम्हीही अर्धं वाक्य मराठीत सुरू करतो आणि कन्नडमध्ये उतरतो. त्यामुळं अण्णांची दुभाषी म्हणूनच मला कंपनीत ठेवलंय की काय, अशी मला सुरुवातीला शंका होती.

सर्व्हरच्या खोलीत एसीचा गारठा असायचा, म्हणून तिथं शिरताना अण्णा माकडटोपी घालायचे. बाहेर उकाडा असला तरी. एकदा बाहेरून तपासणीला आलेले एक साहेब त्यांना वॉचमन समजले आणि आपली बॅग त्यांच्या हातात देऊन आत गेले. अण्णांनी तासभर ती बॅग धरली. साहेब बाहेर येऊन विचारायला लागले, "तुमच्या नेटवर्कचे हेड कुठं भेटतील?" तेव्हा अण्णांनी बॅग परत दिली, टोपी काढून खिशात ठेवली आणि म्हणाले, "भेटले. बोला." मी भिंतीकडं तोंड करून हसले, पण साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आणि पेट्यांना त्यांनी नावं ठेवली होती. इंजिनिअर लोक पेट्यांना आकडे देतात. अण्णांनी नातेवाईक दिले होते. कोरमंगलातली 'धाकटी काकू', गोदामातली 'मामी', आणि आनेकलला कारखान्याच्या मधोमध बसलेली, सगळ्यांत जुनी, जिच्यावाचून पान हलत नाही ती 'मोठी आत्या'. माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी अण्णा फोनवर ओरडत होते, "आत्या गरम झाली तर झाकण काढा आणि फुंकर घाला की! पाणी लावू नका तिला!" माझ्या हातातला चहा सांडला. मला वाटलं, घरात कुणीतरी अत्यवस्थ आहे आणि हा माणूस ऑफिसात बसून काय सल्ले देतोय! अर्धा दिवस मी त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते. शेवटी तुमकूरबाईंनी सांगितलं तेव्हा मी स्वतःलाच दोन शिव्या दिल्या.

तर ही मोठी आत्या आणि अण्णा, दोघांचीही निवृत्ती एकाच वर्षी आली. अण्णांना डिसेंबरात घरी जायचं होतं. त्याआधी, दिवाळीचा माल निघायच्या आत, कारखान्यात नव्या पेट्या बसवायच्या, हे मालकीणबाईंनी ठरवलं. मालकीणबाईंना सगळे अम्मा म्हणायचे. साठीच्या, ठेंगण्या, हातभर हिरव्या बांगड्या. पण त्यांचं बोलणं असं की समोरच्याला आधी घाम फुटावा आणि मग अर्थ कळावा. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, "कुठल्या कंपनीच्या पेट्या घ्यायच्या ते तुम्ही दोघं सांगा. अण्णा तर चालले. पेट्या तुझ्या गळ्यात राहणार. दिवाळीचा माल न अडता निघाला तर तू कायम. अडला, तर निपाणीची बस मॅजेस्टिकवरून सुटते, ठाऊक असेलच."

मला चांगलंच ठाऊक होतं. निपाणीत आमचं कापडाचं दुकान. बाबांनी मला सहा महिने दिले होते. "कायम झालीस तर खुशाल राहा तिकडं. नाहीतर परत ये आणि दुकानात बस," असं ते बसस्टँडवर, माझी बॅग वर ठेवता ठेवता म्हणाले होते. मला दुकानात बसायचं नव्हतं. मला बंगळूर आवडलं होतं. कोरमंगलातली पीजीची आठ फूट खोली आवडली होती, तिथलं पातळ सांबार आवडलं होतं, रविवारी एकटीनं कुठंही उतरून भटकणं आवडलं होतं. स्वतःच्या कमाईचं एक शहर असावं, एवढीच माझी इच्छा होती आणि ती ह्या पेट्यांवर येऊन टेकली.

म्हणून माझं आधीच ठरलं होतं. सगळ्यांत मोठं नाव असलेली कंपनी घ्यायची, सही करायची, मोकळं व्हायचं. मोठं नाव घेतलं आणि बिघडलं तर लोक कंपनीला बोलतात. लहान नाव घेतलं आणि बिघडलं तर घेणाऱ्याला बोलतात. मी हे अण्णांना समजावून सांगितलं. ते माहितीपुस्तिका वाचत होते. पुस्तिका ते नेहमी शेवटच्या पानापासून वाचायचे, कारण त्यांच्या मते पुढं सगळं कौतुक असतं आणि अडचणी शेवटी छापतात. माझं ऐकून त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे तुला पेटी नको. पांघरूण पाहिजे," म्हणाले आणि परत वाचायला लागले. असा संताप आला!

मग तीन स्थळं बघायचं ठरलं. एक मोठी कंपनी, एक मधली, एक अगदी लहान. अण्णांची बघायची तऱ्हा काय वर्णावी! सगळ्यांना कोरमंगलाच्या ऑफिसात बोलवायचं, कारखान्याचं अवाक्षर काढायचं नाही, पडद्यावर चित्रं दाखवायला लागले की डोळे मिटून घ्यायचे. झोपलेत असं वाटून एक जण तर हळू आवाजात बोलायला लागला. चित्रं संपली की डोळे उघडायचे आणि प्रश्न एकच, "बंद पडली तर कोण येणार? त्याचं नाव सांगा." मोठ्या कंपनीचा माणूस हसला आणि म्हणाला, "सर, आमची चोवीस तास हेल्पलाइन आहे." अण्णा म्हणाले, "सरी. तिचं नाव काय?"

नंतर त्यांना खाली कॉफीला न्यायचं. बाय-टू कॉफी. एक कॉफी सांगायची, एक रिकामा पेला मागायचा आणि दोघांत वाटून घ्यायची, ही बंगळूरची जुनी रीत. मोठ्या कंपनीच्या माणसानं "नको सर, माझी वेगळी" म्हणून फेसाळ कॅपुचिनो घेतली. मधल्या कंपनीच्या माणसानं अर्धी कॉफी घेतली पण फोनवर बोलत बोलत, कुठं काय पितोय ह्याचा त्याला पत्ता नव्हता. लहान कंपनीनं मात्र विकणारा पाठवलाच नाही. त्यांच्याकडं तो नसावाच. आली ती दुरुस्तीवाली बाई. पस्तिशीची, खांद्याला हत्यारांची पिशवी, केसांत अबोलीचा गजरा, आनेकलच्याच बाजूची, बस बदलून आलेली. तिला आम्ही पुढं अक्काच म्हणायला लागलो. ती चित्रं न दाखवता बसली आणि पहिलंच वाक्य बोलली, "तुमच्या कारखान्यात बनतं काय?"

अण्णांचे डोळे खाडकन उघडे झाले. "अगरबत्ती," ते म्हणाले.

"मग धूळ असणार. कोळशाची पूड का लाकडाचा भुगा?"

"दोन्ही."

"अय्यो," अक्का म्हणाली. "मग पंख्याची पेटी देऊन उपयोग नाही. पंखा हवा ओढतो, हवेबरोबर धूळ ओढतो. बिनपंख्याची द्यावी लागेल. दिसायला वेडीवाकडी असते, चालेल?"

खाली कॉफीला गेलो. दोन पेल्यांत कॉफी आली, अण्णांना आणि तिला. तिनं माझ्याकडं बघितलं, आत हाक मारून तिसरा पेला मागितला आणि आपल्यातली ओतून मला दिली. घोटभरच आली, पण अण्णांना केवढा आनंद! महिनाभर भेटेल त्याला सांगत होते, "बाय-थ्री केलं ग तिनं. ह्या गावात पहिल्यांदा बघितलं."

मी मात्र माझ्या मोठ्या नावावर अडून होते. अम्मांनाही तेच हवं होतं. मग अण्णांनी तोडगा काढला. तिन्ही कंपन्यांच्या पेट्या कारखान्यात बसवायच्या आणि चालवून बघायच्या. मोठ्या कंपनीची पेटी माल बाहेर सोडतात त्या टेबलावर, म्हणजे खोक्यांवर पत्ते छापणारा प्रिंटर तिच्यावर. बाकीच्या दोन पॅकिंगच्या टेबलांवर. आणि मध्ये आली दसऱ्याची आयुधपूजा.

बंगळुरात आयुधपूजा म्हणजे काय हे निपाणीकरांना थोडंफार माहीत असतं, पुणेकरांना डोळ्यांनी बघावं लागतं. जे जे यंत्र म्हणून आहे त्याची पूजा. रिक्षा, बस, शिलाई मशीन, कात्री, सगळं धुऊनपुसून गंध, कुंकू, झेंडूचा हार. आमच्या कारखान्यात तर विचारूच नका. बायकांनी दोन दिवस आधीपासून हार ओवायला घेतले होते. मधल्या कंपनीच्या माणसाला ह्याची कुणकुण लागली, तो आदल्या दिवशी धावत आला आणि आपली पेटी उचकटून पिशवीत घालून घेऊन गेला. वॉरंटीचा कागद दाखवत म्हणाला, "ह्यात कुंकवाचा उल्लेख नाही. पूजा झाली की आणतो." अण्णा दारात उभे राहून त्याला टाटा करत होते. "सणाच्या दिवशी पाहुणा पळाला," म्हणाले. "परत नको आणू बाबा. सुखी राहा."

पूजेला अम्मा स्वतः आल्या. यंत्रांना कुंकू लावलं, नारळ फोडला, त्याचं पाणी शिंपडत गेल्या. हार घालायचं काम मी हौसेनं मागून घेतलं. आणि आता खरं सांगते, मी त्यात भेदभाव केला. अक्काच्या पेटीला एक साधा हार घातला. मोठ्या कंपनीच्या पेटीला मात्र सगळ्यांत जाडजूड, मनगटाएवढा हार निवडला, दोन पदरी करून चहूबाजूंनी गुंडाळला आणि हात जोडून मनातल्या मनात म्हटलं, बाई, मला कायम कर.

सणाच्या सुटीनंतर कारखाना सुरू झाला. दिवाळीच्या मालाची पहिली गाडी दाराशी लागली. सकाळी अकराच्या सुमारास पत्ते छापणारा प्रिंटर थांबला. मी धावत गेले तर माझ्या लाडक्या पेटीचे सगळे दिवे विझलेले. हात लावला तर तवा! खोकी तशीच पडलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, बायका कामं सोडून माझ्याकडं बघतायत. मी हेल्पलाइनला फोन लावला. आधी गाणं लागलं. मग एका गोड आवाजानं तक्रारीचा नंबर दिला आणि सांगितलं, "मॅडम, दोन दिवसांत आमचा प्रतिनिधी संपर्क करेल. तोपर्यंत पेटीचा एक फोटो पाठवा." फोटो काढायला मी मोबाइल वर धरला आणि पडद्यावर मला पेटी दिसेचना, नुसता झेंडू दिसला. माझा हार! हवा जायच्या यायच्या सगळ्या जाळ्या मी माझ्या हातानं, दोन पदरी करून, बंद करून टाकल्या होत्या.

आता जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण केलं. इकडंतिकडं बघितलं, हार ओढून काढला आणि डब्याच्या पिशवीत कोंबला. हार नाही, तर चूकही नाही. पेटी आपली आपण बंद पडली.

तेवढ्यात अक्का आली. तिची स्वतःची पेटी बघायला ती रोजच यायची. तिनं गर्दी बघितली, प्रिंटर बघितला आणि अण्णांकडं बघून विचारलं, "ही आमची नाही. हात लावू का?" अण्णांनी मान हलवली. तिनं प्रिंटरच्या वायरी काढून स्वतःच्या पेटीत खोचल्या, दहा-पंधरा मिनिटं संगणकावर काहीबाही केलं, आणि प्रिंटर खर्र करून सुरू झाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं ती मेलेली पेटी उघडली. पंख्यात झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. आणि पाकळ्यांच्या मागं, बोटभर जाडीची काळी पूड. "फुलांचं निमित्त झालं," अक्का म्हणाली. "ही तशीही महिन्याभरात बसली असती. दिवाळीच्या ऐन गर्दीत." कुणी फुलं घातली हे तिनं विचारलं नाही. माझ्या पिशवीतून झेंडूचा वास येत होता, तरी नाही.

गाडी गेली. अण्णा कारखान्याच्या मागं नीलगिरीखालच्या बाकावर डबा उघडून बसले होते. दहीभात, लिंबाचं लोणचं. मी समोर उभी राहिले, पिशवीतून हार काढला आणि बाकावर ठेवला. म्हटलं, "अण्णा, हे मी केलं."

"ठाऊक आहे की," ते भात कालवत म्हणाले. "पूजेच्या दिवशीच बघितला मी."

"बघितला? मग काढला का नाहीत?"

"का काढू?"

मग माझा तोल गेला. सगळी निपाणी माझ्या तोंडात उतरली. म्हटलं, "तुम्हाला काय हो, तुम्ही डिसेंबरात घरी! माझ्या नोकरीवर तुमचा खेळ होतो इथं! माझे बाबा दुकानात माझी खुर्ची पुसून बसलेत, माहितीय तुम्हाला? एक शब्द सांगितला असतात तर काय जीभ झिजली असती?" रडायला येत होतं आणि रडताना ओरडताही येत नव्हतं. अण्णा ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी डब्याचं झाकण पुढं केलं, त्यात दोन घास भात वाढला. "बस. खा," म्हणाले. "हार ह्या वर्षी मी काढला असता. पुढच्या वर्षी कोण काढणार? इथल्या बायकांना सांगायचं का, सगळ्यांची पूजा करा, हिची तेवढी करू नका म्हणून? त्या ऐकतील? आणि का ऐकावं? माणसं हार घालणारच ग. पेटी अशी आणायची, की जिला हार चालतो."

मी भात खाल्ला. राग गेला नव्हता, पण भात चांगला होता.

दुसऱ्या दिवशी अम्मांनी बोलावलं. मी रात्रभर घोकलेली कबुली तोंडातच होती, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "हार हिनं घातला. मी बघितला, काढला नाही. आता कुणाला काढायचं ते सांगा." अम्मांना एकदम हसू फुटलं आणि त्या एवढ्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "त्यावर नारळाचं पाणी कुणी शिंपडलं? मीच की! मग मला पण काढा." हसणं ओसरल्यावर मात्र परत तोच आवाज. "पण लहान कंपनी घेतली आणि उद्या हीही बसली तर?"

"मला काय विचारता? मी डिसेंबरात घरी. हिला विचारा," अण्णा म्हणाले आणि चक्क डोळे मिटून बसले.

म्हातारा बेरकी, मला भर सभेत एकटीला सोडलं त्यानं. समोर दोन कागद. मोठ्या नावाचा आणि लहान नावाचा. मोठी कंपनी जाळीला धूळ अडवणारी गाळणी लावून देऊ, नवी पेटी देऊ म्हणत होती. मोठ्या नावावर सही केली असती तर पुढं काहीही झालं तरी माझ्याकडं बोट कुणी दाखवलं नसतं. लहान नावावर सही करणं म्हणजे दिवाळी, नोकरी, बंगळूर, सगळं स्वतःच्या अंगावर घेणं. मी अक्काला तिथूनच स्पीकरवर फोन लावला आणि विचारलं, "अक्का, तुमच्या पेटीला हार चालतो का?" ती म्हणाली, "एक चालतो, ते तुम्ही बघितलंच. दहा घातले तर मी नक्की सांगू शकत नाही. पण बंद पडली तर मी येते." मला तेवढं पुरलं. मी सही केली. अण्णांनी डोळे न उघडताच म्हटलं, "सरी."

तो महिना मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. रोज सकाळी आनेकलची बस धरायची, उतरल्या उतरल्या आधी पेटीचे हिरवे दिवे बघायचे, मग श्वास घ्यायचा. अण्णांनी नव्या पेटीचं नाव 'सून' ठेवलं. "आत्याच्या जागी आली, सांभाळून घ्या म्हणावं," असं सगळ्यांना सांगत फिरले. सून काही रुसली नाही. दिवाळीचा माल शेवटच्या गाडीपर्यंत निघाला. पण अम्मांकडून मला काहीच कळेना. नोव्हेंबर संपला, प्रोबेशन संपलं, बाबांचे फोन यायला लागले, तरी पत्राचा पत्ता नाही. विचारायची हिंमत होत नव्हती.

डिसेंबरात अण्णांचा निरोप समारंभ कारखान्यातच झाला, त्यांनीच तसं मागितलं. अम्मांनी पहिला हार घातला. मग पॅकिंगच्या बायकांनी घातला, गोदामवाल्यांनी घातला, कोथरूडनं घातला, तुमकूरबाईंनी घातला, अक्कानं घातला, मीही घातला. सात हारांत अण्णांचा चष्माच तेवढा दिसत होता. भाषण करा म्हटल्यावर ते उठले, आणि माइक सोडून सरळ चालायला लागले. आम्हाला वाटलं, बरं वाटत नसेल. मागं मागं गेलो. ते सुनेपाशी जाऊन उभे राहिले, गळ्यातला एकेक हार काढला आणि सातही हार तिच्यावर चढवले. पेटी दिसेनाशी झाली. मग त्यांनी स्टूल ओढलं, खिशातून माकडटोपी काढून घातली, घड्याळ बघितलं आणि बसले.

"अण्णा, काय करताय?" अम्मा म्हणाल्या.

"स्वल्प थांबा. अक्का दहाचं नक्की नाही म्हणाली होती. सात तरी बघू की."

कार्यक्रम तिथंच थांबला. सगळा कारखाना सुनेभोवती कोंडाळं करून उभा. अक्का नखं खात होती. मी तर देवालाही बोलवायचं विसरले. प्रिंटर चालूच होता, एकामागून एक पत्ते बाहेर पडत होते. मधेच कुणाला हसू फुटलं की बाकीचे त्याला गप्प करत होते. अर्धा तास झाला. अण्णांनी हारांत हात घालून पेटीला स्पर्श केला, कपाळाला हात लावून ताप बघतात तसा. फुलं बाजूला सारून आत डोकावले. आत हिरवे दिवे लुकलुकत होते. त्यांनी टोपी काढली.

"सरी. चालतंय," म्हणाले.

काय टाळ्या पडल्या! अक्कानं मला मिठीच मारली. त्या गोंधळात अण्णांनी डब्याच्या पिशवीतून एक लिफाफा काढला आणि माझ्या हातात ठेवला. माझं कायम केल्याचं पत्र. तारीख बघितली तर पंधरा दिवसांपूर्वीची. मी अम्मांकडं बघितलं. त्या हात वर करून म्हणाल्या, "माझ्याकडं बघू नको. मी केव्हाच सही करून ह्यांच्याकडं दिलं. हार होऊ दे म्हणत होते, मला कुठं कळलं कसले हार!" मी अण्णांना काहीतरी खरमरीत बोलणार होते, पण आधी पत्र पुन्हा एकदा वाचून काढलं.

ते मात्र निघालेही. सगळ्यांना नमस्कार करत, डब्याची पिशवी खांद्याला लावून, फाटकापर्यंत पोचले. तिथून वळून त्यांनी खणखणीत हाक मारली.

"ए बंगळूर!"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. बंगळूर कोण? कोथरूडनं मागं वळून बघितलं. अम्मांना काही कळेना. माझ्याही लक्षात यायला क्षणभर लागला.

"अग ए बंगळूर, ऐकू येत नाही का? हार आजच काढू नको. आणि चल, मला बसपर्यंत सोड."

"आले, अण्णा," मी म्हटलं आणि पत्र छातीशी धरून पळत सुटले.